बाहुलीच्या डोक्यातला उजेड

भद्रावतीच्या बाजारात मडकं घेणारी बाई भाव नंतर विचारते. आधी मडकं उचलून तळहातावर तोलते, दुसऱ्या हाताने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. टण्ण असा मोकळा आवाज आला तर मडकं पक्कं. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी आहेच. मग मडक्याचं तोंड डोळ्याशी धरून बूड सूर्याकडे करायचं. आतल्या अंधारात उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की ते जागेवर ठेवायचं आणि पुढचं उचलायचं. एवढं झाल्यावर घासाघीस.

सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये घडलेली चिनी मातीची बाहुली लिलावात येते, तेव्हा तिची परीक्षा याच रीतीने होते. जाणकार माणूस तिच्या केसांचा टोप अलगद काढतो, डोक्याच्या पोकळीत छोटा दिवा धरतो, खोलीतला उजेड मालवतो आणि पाहत राहतो. बाहुलीचा चेहरा आतून उजळतो. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळं मऊ गुलाबी प्रकाशाने भरून येतं. त्या प्रकाशात एखादी बारीक काळी रेघ कानापासून डोळ्याकडे गेलेली दिसली, तर किंमत तिथल्या तिथे निम्म्याहून खाली येऊ शकते. मडक्यातला तडा आरपार असतो म्हणून त्यातून उजेड आत येतो. बाहुलीतला तडा इतका बारीक असतो की त्याच्या दोन कडांवर उजेड अडतो, म्हणून तो काळा दिसतो. फरक एवढाच. आठवडी बाजारातलं मडकं आणि लाखांची बाहुली एका कसोटीला उतरतात, कारण दोन्हींची जात एक आहे: भाजलेली माती.

भद्रावतीत राहणाऱ्याला मातीचं हे नातं लवकर कळतं. भांदक स्थानकावर उतरून इथं येणारे लोक विजासनची लेणी बघतात, पार्श्वनाथाच्या जैन मंदिरात जातात, भद्रनागाचं दर्शन घेतात. पण या गावाची एक ओळख भट्टीचीही आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथं ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला शिक्षणाची, प्रयोगाची जोड दिली. चाक, साचा, झिलई, भट्टी हे शब्द इथं रोजच्या बोलण्यातले आहेत. म्हणूनच परदेशी बाहुल्यांची विद्या आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

मातीला कांती कशी येते

लोणच्याची बरणी चकाकते, कारण तिच्यावर झिलई असते. झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. तो चढवण्याआधी एकदा भाजून काढलेल्या भांड्याला कारखान्यातली माणसं ‘बिस्किट’ म्हणतात. जुन्या बाहुल्यांच्या जगातला ‘बिस्क’ हा शब्द याच घरातला. साधारण १८६० ते १९३० या काळात युरोपात ज्या बाहुल्यांचं राज्य होतं, त्यांची डोकी या बिस्कची, म्हणजे झिलई न दिलेल्या चिनी मातीची होती.

झिलई नसल्याने काय साधलं, ते बघा. चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचं मिश्रण बाराशे अंशांच्या वर तापलं की फेल्डस्पार वितळतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी काचेसारख्या द्रवाने भरून टाकतो. थंड झाल्यावर उरते ती किंचित पारदर्शक, पण न चमकणारी वस्तू. तिच्यावर पडलेला उजेड लगेच परत फिरत नाही. तो थोडा आत शिरतो, कणाकणांवर आपटत भटकतो आणि मग बाहेर येतो. माणसाची त्वचाही नेमकं हेच करते. रात्री मोबाइलचा दिवा तळहाताला चिकटवून लावा. बोटांच्या कडा लालसर उजळतात. बिस्कची बाहुली जिवंत वाटते ती या भटकणाऱ्या उजेडामुळे. मातीने त्वचेची नक्कल केली ती रंगाने थोडी आणि प्रकाशाने जास्त.

त्यानंतर भुवया, पापण्या, ओठ आणि गालांची लाली खनिज रंगांनी रंगवायची आणि डोकं पुन्हा, पण कमी आचेवर, भाजायचं. कधी एकाहून अधिक वेळा. त्यामुळे मूळ रंग मातीशी एकजीव झालेला असतो, नखाने तो निघत नाही. जुन्या बाहुलीच्या परीक्षेचं सगळं शास्त्र मला यातच सामावलेलं दिसतं. भट्टीच्या आत काय झालं आणि भट्टीतून बाहेर पडल्यावर काय झालं, हे दोन हिशेब वेगळे मांडायचे. गालावरचा बारीक काळा ठिपका हा मातीतल्या लोहाचा कण असू शकतो. ती जन्मखूण आहे, तिच्यापायी भाव फारसा कापला जात नाही. हनुवटीवरचा टवका मात्र नंतरच्या आयुष्यातला आहे. आणि त्या टवक्यावर कुणी लांबी भरून रंग दिला असेल, तर तो न सांगितलेला दोष झाला. तो सर्वांत महाग पडतो.

हा लपवलेला दोष पकडायला एक साधन आपल्या किराणा दुकानातही असतं: नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्या अतिनील उजेडात जुनं बिस्क एका तऱ्हेने दिसतं आणि नंतर लावलेला गोंद, लांबी, रंग वेगळ्याच तऱ्हेने उजळतात. दिवसाउजेडी निष्कलंक दिसणाऱ्या चेहऱ्यावर अचानक ठिगळ दिसू लागतं.

मानेवरचं गोत्र

बाहुलीचं नाव-गाव तिच्या चेहऱ्यावर कधीच नसतं. ते मानेमागे, केसांच्या टोपाखाली कोरलेलं असतं. ओल्या मातीतच उमटवलेलं असल्यामुळे ते पुसता येत नाही. तिथं कारखान्याचं नाव किंवा आद्याक्षरं, साच्याचा क्रमांक, मापाचा क्रमांक आणि बऱ्याचदा देशाचं नाव सापडतं.

देशाचं नाव ही तर आयती तारीखच. १८९० साली अमेरिकेत मॅकिन्ली जकात कायदा झाला आणि १८९१ पासून तिथं येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशातला आहे हे लिहिणं बंधनकारक झालं. म्हणून मानेवर ‘जर्मनी’ असेल, तर बाहुली बहुतेक १८९१ नंतरची समजतात. जपानी मालाचं तर आणखी गमतीचं. आधी त्यावर ‘निप्पॉन’ लिहीत. १९२१ पासून अमेरिकेच्या जकात खात्याला ‘जपान’ हाच शब्द हवा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत तो देश परकीय अमलाखाली होता, त्या काळातल्या खेळण्यांवर ‘ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरं सापडतात. एका हरलेल्या राष्ट्राचा इतिहास चार बोटांच्या बाहुलीच्या पाठीवर लिहिलेला असतो.

नाव वाचून झालं की बोट डोक्याच्या आत फिरवायचं. सुरुवातीच्या काळात मातीची पोळी लाटून ती हाताने साच्यात दाबत. अशा डोक्याची आतली बाजू खडबडीत, उंचसखल लागते. पुढे मातीचा पातळ घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतू लागले. प्लास्टर पाणी शोषतं, कडेला मातीचा सारखा थर जमतो, उरलेला घोळ परत ओतून घ्यायचा. अशा डोक्याची आतली बाजू गुळगुळीत असते. कारागिराने दाबलेल्या अंगठ्याच्या खळग्यावर आपला अंगठा टेकतो, तेव्हा मधली शंभर-सव्वाशे वर्षं क्षणभर नाहीशी होतात.

डोळ्यांकडे सावकाश पाहायचं. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकाम करणारं गाव आहे. तिथले कारागीर बाहुल्यांसाठी काचेचे डोळे फुंकत आणि माणसांसाठीही. बाहुली आडवी केली की डोळे मिटतात, ती युक्तीही साधी आहे: डोळ्यांच्या जोडीमागे शिशाचा वजनी तुकडा टांगलेला असतो. बाहुली झुकली तरी तो लोंबकळत सरळ राहू पाहतो आणि डोळे फिरतात. हा तुकडा सुटून आत आदळला तर तो आतूनच चेहऱ्याला तडा देऊ शकतो. म्हणून जुनी बाहुली पाठवताना आधी तिचे डोळे बांधून, कागद भरून पक्के करतात.

डोकं मातीचं असलं तरी अंग बहुधा मातीचं नसतं. ते कातड्याचं, भुसा भरलेलं. किंवा लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा आणि सरस यांच्या मिश्रणाचं, गोळ्यांच्या सांध्यांचं, आतून रबरी दोरीने ओढून बांधलेलं. दोरी सैल होणं हा दोष नव्हे, ती बदलता येते. पण हात एका बाहुलीचे, पाय दुसरीचे आणि डोकं तिसरीचं, असं जुळवलेलं असेल तर भाव उतरतो. मूळ केस, मूळ झगा, मूळ पायमोजे असतील, तर प्रत्येकाची वेगळी किंमत मोजली जाते. कितीतरी वेळा बाहुलीपेक्षा तिचे इवलेसे बूट दुर्मीळ निघतात.

नक्कल नेहमी लहान

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट कोणत्याही कुंभाराला आधीपासून माहीत आहे. माती आकसते. ओलं मडकं वाळताना थोडं लहान होतं आणि भाजताना आणखी. चिनी माती तर साधारण आठव्या हिश्शाने आकसते.

आता समजा, एखाद्याला जुन्या बाहुलीची नक्कल करून विकायची आहे. तो अस्सल डोक्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, त्यात घोळ ओततो, भाजतो. अस्सल डोकं १६ सेंटीमीटर उंच असेल तर नक्कल सुमारे १४ सेंटीमीटरची निघते. नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर १२ च्या आसपास. नाक तेच, ओठ तेच, मानेवरचे आकडेसुद्धा तेच उमटतात. पण त्या मापाच्या क्रमांकाला जी उंची असायला हवी, ती भरत नाही. जाणकार मोजपट्टी लावतो आणि आकडा बोलतो. कोरलेली अक्षरंही दर नकलेबरोबर थोडी बुजत जातात. हा एकच पुरावा पुरेसा नसतो, तो रंग आणि अंगाच्या पुराव्याशी जुळवून बघावा लागतो. तरीही आगीने घालून दिलेला हा नियम चकवणं सोपं नाही.

मुलांनी नाकारलेली बाहुली

चांगली स्थिती म्हणजे मोठी किंमत, असं सरळ समीकरण इथं चालत नाही. थुरिंगियातल्या आर्मांद मार्सेल कारखान्याचा ३९० क्रमांकाचा साचा घ्या. गोड चेहरा, उघडे ओठ, चार इवले दात. या साच्यातून इतक्या बाहुल्या निघाल्या, की शंभर वर्षांची, तडा न गेलेली ३९० आजही परदेशात काही हजार रुपयांत मिळून जाते. वय तिला महाग करू शकलं नाही, कारण तिच्या बहिणी घरोघरी आहेत.

आता दुसरीकडे बघा. केमर आणि राइनहार्ट या जर्मन कंपनीने १९०९ पासून वेगळा प्रयोग केला. ठरावीक गोड चेहऱ्याऐवजी खऱ्या मुलांसारखे चेहरे: कुणी रुसलेलं, कुणी विचारात पडलेलं. यातल्या कित्येक साच्यांना त्या काळच्या मुलांनी फारसं जवळ केलं नाही, त्यांना नेहमीची गोड बाहुलीच हवी होती. म्हणून त्या थोड्याच झाल्या. याच मालिकेतली १०८ क्रमांकाची एक बाहुली २०१४ साली लंडनच्या बॉनहॅम्सच्या लिलावात २,४२,५०० पौंडांना गेली. तेव्हाच्या दराने सुमारे २ कोटी ४० लाख रुपये. दुसरी अशी बाहुली बहुधा नसावीच, असं लिलावाच्या वेळी सांगितलं गेलं होतं.

अपयशाने अमोल झालेली आणखी एक बाहुली थॉमस एडिसनची आहे. १८९० साली त्याने बोलणारी बाहुली बाजारात आणली. बिस्कचं डोकं, धातूचं धड आणि पोटात छोटा फोनोग्राफ. पाठीतली कळ फिरवली की मेणाच्या पट्टीवर नोंदवलेलं बालगीत ऐकू येई. यंत्र नाजूक होतं, मेण झिजत होतं, आवाज चिरका होता. काही आठवड्यांतच विक्री थांबवावी लागली. उरलेल्या मेणपट्ट्यांवर सुई टेकवायची कुणाची छाती होत नव्हती. एकदा वाजवली की कायमची बिघडायची भीती. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या खाचांची सूक्ष्म छायाचित्रं घेऊन, सुईचा स्पर्शही न करता, संगणकावर तो आवाज जुळवला. एकोणिसाव्या शतकातल्या पोरसवदा आवाजातली गाणी पुन्हा ऐकू आली. त्या पट्ट्या ‘नीट’ करण्याचा हट्ट कुणी धरला नाही, म्हणून हे शक्य झालं.

आपल्या माळ्यावरची संपत्ती

जर्मन बाहुली आपल्याकडे क्वचितच निघेल. पण हीच नजर आपल्या घरच्या खेळण्यांवर फिरवली तर काय काय दिसतं!

कुणाच्या आजीच्या पेटीत पातळ, हलकी, गुलाबी ‘जपानी बाहुली’ असेल. ती बहुधा सेल्युलॉइडची. कोपरा बोटाने जोरात चोळून हुंगा. आरतीच्या कापराचा वास आला तर शंका नको. सेल्युलॉइड बनतं तेच कापूर घालून. पण तिला आगीजवळ कधीही नेऊ नका, ती भडकन पेटते. हवाबंद डब्यातही ठेवू नका, कारण तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ कोंडली की ती स्वतःलाच खाऊ लागते.

कुणाच्या माळ्यावर ठकी असेल, एका लाकडातून कोरलेली, रंगवलेली आपली महाराष्ट्राची बाहुली. तिच्या नाकावरचा रंग झिजलेला असेल तर तो पुन्हा देऊ नका. पोरीने रोज जिथं पापा घेतला, तिथला रंग आधी जातो. अशी जागच्या जागी झालेली झीज खऱ्या वापराची खूण असते. नकली जुनेपणा सगळीकडे सारखा घासलेला असतो.

आणि आपल्या विदर्भात लाकडी नंदी नसलेलं जुनं घर शोधावं लागेल. तान्ह्या पोळ्याला ज्या बैलाला दोरी बांधून पोरं घरोघर बोजारा मागत हिंडतात, त्याची चाकं मोजून बघा. लाकूडही मातीसारखं आकसतं, पण एका दिशेने जास्त: रेषांच्या आडव्या बाजूने आकसतं, लांबीच्या बाजूने जवळजवळ नाही. त्यामुळे किंचित ओलसर लाकडातून गोल कातलेलं चाक पन्नास-साठ वर्षांनी सूक्ष्म लंबगोल होतं. मोजपट्टी उभी धरा, मग आडवी धरा. फरक सापडला तर त्या चाकाने काळ पाहिला आहे. तीन चाकं लंबगोल आणि चौथं पूर्ण गोल निघालं, तर ते मागाहून बसवलेलं असण्याचा संभव मोठा.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली जिच्याभोवती गाणी म्हणत, ती भुलाबाई मात्र बहुधा कच्च्या मातीची आणि दरवर्षी नवी. म्हणूनच जुनी भुलाबाई सहसा हाती लागत नाही. जे टिकवण्यासाठी केलेलं नसतं, तेच पुढे सर्वांत दुर्मीळ होतं.

या घरगुती वस्तूंना बाजारात काय भाव येईल, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी, बाहुल्या जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. आज तिथं सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यातल्या बहुतेक कधीतरी कुणाच्या तरी घरात अडगळ मानल्या गेल्या असतील. मोल वस्तूत असतंच. ते ओळखणारा डोळा मात्र कुणीतरी आणावा लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. बिस्कच्या डोक्याला या उन्हाचं काही नाही, ते याहून कितीतरी मोठ्या आगीतून आलेलं आहे. पण मेण मऊ होतं, रबर चिरतं, सरस फुगून सुटतो, लाकडाला वाळवी लागते, कापडाला कसर. म्हणून जुनं खेळणं पत्र्याच्या छताखाली किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. मऊ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आतल्या खोलीतल्या कपाटात, अधूनमधून हवा लागेल असं ठेवावं. पाण्याने धुऊ नये, वॉर्निश मारू नये, तुटलेला हात झटपट गोंदाने चिकटवू नये. तो तुकडा सोबत कागदात बांधून ठेवावा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी कुणाला पाठवायची असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. मोठ्या लिलावांत ज्या बाहुलीसोबत तिच्या मालकिणीचा जुना फोटो किंवा चिठ्ठी असते, तिच्यावर लोक अधिक विश्वासाने बोली लावतात. ती चिठ्ठी आपणही लिहू शकतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ ती बाहुली, ती ठकी, तो नंदी घेऊन बसा आणि विचारा: कुणाचा होता, कुठल्या बाजारातून आला, कोणत्या सुताराने केला, हे शिंग कधी मोडलं. सांगतील ते कागदावर उतरवा, तारीख घाला आणि कागद वस्तूबरोबर ठेवा. शिसपेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते, पेन्सिल पसरत नाही.